सोलर सॅक राहू द्या, आधी तो हप्ता थांबवा

अमळनेरच्या शाळेतून निवृत्त झालेल्या एका शिपायांचं पत्र आहे. वय ६१, पेन्शन महिना २६ हजार. मुलाला सोलर पॅनेलवाल्या सॅक, टोप्या, पर्स यांची एजन्सी हवी आहे, ३ लाख भरून. 'एफडी मोडू की बायकोचं सोनं गहाण ठेवू?' खाली जाता जाता एक ओळ: 'बँकेतल्या साहेबांनी एफडीसारखीच म्हणून दिलेल्या पॉलिसीचा दुसरा हप्ताही पुढच्या महिन्यात आहे, दीड लाख.'

दादा, दोन्ही नको. सॅकवर ६ वॅट छापलेलं असतं, ते पॅनेल उन्हाकडे सरळ तोंड करून असेल तेव्हाचं. पाठीवर निम्मं मिळालं तरी पुष्कळ. फोनच्या बॅटरीला २० वॅट-तास लागतात. म्हणजे सात तास उन्हात हिंडा! 'खान्देशात ऊन मुबलक' हेही ऐकू नका. पॅनेल तापलं की वीज कमी देतं आणि मे महिन्यात आतली बॅटरी भाजून निघते. घरच्या सॉकेटवर हेच काम पंचवीस पैशांत होतं. मुलाला हौसच असेल तर दहा नग रोखीने आणून प्रताप कॉलेजच्या गेटवर विकून बघू द्या.

आता ती खालची ओळ. वर्षाची पेन्शन ३ लाख १२ हजार, हप्ता दीड लाख. निम्मी पेन्शन गेली की हो! दहा हप्ते भरून पंधराव्या वर्षी २२ लाख मिळणार असं तुम्ही लिहिता, म्हणजे पावणेचार टक्केसुद्धा धड नाहीत. तेव्हा तुम्ही पंच्याहत्तरीत असाल. पोस्टातली ज्येष्ठ नागरिक योजना ८.२ टक्के देते, व्याज दर तिमाहीला हातात. त्या पॉलिसीला एफडीसारखी म्हणणाऱ्या साहेबांना एफडी कळत नाही, किंवा फार चांगली कळते.

पॉलिसी परत करायची ३० दिवसांची मुदत गेलीच. पण ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नियमांत वर्षाचा हप्ता भरून एक वर्ष पूर्ण झालं की अशा पॉलिसीतही सरेंडरचे, म्हणजे पॉलिसी मध्येच मोडल्याचे, पैसे मिळतात. आकडा विमा कंपनीकडून लेखी मागा. दीड लाखातले निम्मेच आले तरी घ्या. उरलेले साडेतेरा लाख तर वाचतील. हप्ता खात्यातून आपोआप कापला जात असेल, तर तो बंद करण्याचा अर्ज याच आठवड्यात द्या. मुलाला सोबत न्या आणि अर्जावर शिक्का घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका.