आधी पदवी की थेट परदेशी करार?

पोरी, परदेशी बास्केटबॉल क्लबचा निरोप आला म्हणून बी.ए.चं दुसरं वर्ष सोडू नको. पदवी हातात घे, तोवर विद्यापीठाच्या संघातून आंतरविद्यापीठ स्पर्धा खेळ. रेल्वेची बास्केटबॉलपटू गीतू ॲना जोस ऑस्ट्रेलियात खेळून आली, म्हणजे इथली नोकरी आणि बाहेरचा खेळ दोन्ही जमतं.

अमेरिकेत शिकत खेळायचं असेल तर तयारी नववीपासूनच लागते. एनसीएए, म्हणजे तिथली कॉलेजच्या खेळांची संघटना, नववी ते बारावीचे 16 मुख्य विषय मोजते, त्यामुळे त्या चारही वर्षांच्या गुणपत्रिका जपून ठेव.

करार आलाच तर आधी एजंटकडे फिबाचा, म्हणजे जागतिक बास्केटबॉल महासंघाचा, परवाना आहे का ते बघ. 18 वर्षांखाली दुसऱ्या देशात बदली सहसा मिळत नाही, आणि त्यानंतरही आपल्या महासंघाचं ना-हरकत पत्र लागतंच. पगार किती महिन्यांचा, कर कापून की कापायच्या आधी, खोली-तिकीट कोणाकडे, हे सगळं लेखी घे. दुखापत झाल्यावर पगार चालू राहतो का, हे कलम तर दोनदा वाच. पोरी फसतात त्या इथंच. वाद फिबाच्या लवादाकडे जाईल असं करारात लिहिलेलं नसेल, तर पैसे बुडाल्यावर दाद मागणं फार अवघड होतं.

आणि गुडघे सांभाळ. गावातल्या सिमेंटच्या कोर्टवर रिबाउंड (हुकून परत आलेला चेंडू) उडी मारून घेऊन खाली उतरतानाचा व्हिडिओ समोरून काढायला सांग. गुडघे आत वळत असतील, तर आधी मांड्या-कुल्ल्यांची ताकद वाढव. एसीएल, म्हणजे गुडघ्यातला अस्थिबंध, तुटला की नऊ-दहा महिने, कधी वर्षभर खेळ बंद. तेव्हा बाबांना वावर गहाण टाकायला लावून एजंटची आगाऊ फी भरू नको.