पाटणा, पाटलीपुत्र आणि पैठण

प्रश्न असा आला आहे: ‘पाटणा हा पाटलीपुत्राचा अपभ्रंश ना? मग सातारा जिल्ह्यातलं पाटण आणि आपलं पैठणही त्याच कुळातले का?’

पाटणा आणि पाटलीपुत्र हे गाव एकच, पण ‘पाटणा’ हे नाव वेगळ्या मुळाचं, असं माझं मत. कारण त्यातला ‘ट’.

संस्कृतातला दोन स्वरांमधला एकटा ट आपल्याकडे येईपर्यंत ड होतो. वटाचा वड झाला, कटूचं कडू, घोटकाचा घोडा. पाटलीपुत्राचंही प्राकृतात ‘पाडलिपुत्त’ झालं होतं. पाटला हे फुलझाड, मराठीत पाडळ. आपल्याकडच्या पाडळी नावाच्या गावांचा संबंध पाटलीपुत्राशी लावलात तर तो अधिक पटेल! ट टिकतो तो जोडाक्षरातला: पट्टचा पाट, हट्टचा हाट. म्हणून पाटणा आला ‘पट्टन’वरून, म्हणजे शहर, पेठ. पाटण, श्रीरंगपट्टण, मछलीपट्टण ही त्याची सख्खी भावंडं. बिहारात मात्र पाटण्याला ‘पटना’ म्हणतात. दीर्घ पा आणि ण आपले. पटनदेवीवरून नाव पडलं असंही तिथे सांगतात, पण ते नावावरून रचलेलं वाटतं.

पैठण या घरातलं नाही. प्रतिष्ठान, पइट्ठाण, पैठण अशी त्याची वाट. पाटलीपुत्रासारखी तीही राजधानी होती, सातवाहनांची, एवढंच साम्य.

बाकी नावांची गंमत वेगळीच. बुद्धाच्या काळी पाटलीपुत्र म्हणजे नुसतं पाटलीग्राम. मगधाचा राजा अजातशत्रू याचे अमात्य तिथे तटबंदी करत होते. मौर्यांची राजधानी झाल्यावर मेगास्थेनिस या ग्रीक वकिलाने तिला ‘पालिबोथ्रा’ केलं आणि लाकडी तटाचे ५७० बुरूज, ६४ दरवाजे नोंदवले. फुलांवरूनच कुसुमपूर, पुष्पपूर. आर्यभटाच्या ग्रंथात कुसुमपूरच येतं. पाटण्यातल्या कुम्हरारला १९१२-१३ मध्ये मौर्यकालीन खांबांचं दालन उकरलं गेलं, त्या उत्खननाचा खर्च मुंबईच्या सर रतन टाटांनी उचलला होता.

१७०४च्या सुमारास औरंगजेबाचा नातू अझीम-उश-शान याने शहराला अझीमाबाद म्हटलं. लोकांच्या तोंडी पटनाच राहिलं. अझीमाबाद उरलं ते शायरांच्या नावात, शाद अझीमाबादींसारख्या.