शून्य खपाचा महिना

अनेक आशीर्वाद.

जिल्हा औषध भांडारात रुजू होण्याआधी कोणता कोर्स करू, असं विचारलंस. औषधसाठ्याची संगणक प्रणाली ई-औषधी आठवडाभरात हाताला बसेल, लसींच्या साठ्याची ईविन त्याहून लवकर. त्यांच्यात जे भरलं जात नाही ते ओळखायला मात्र वर्षं जातात, म्हणून त्याबद्दलच लिहितो.

समज, एका पीएचसीत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात, सहा महिन्यांत ॲम्लोडिपिन या रक्तदाबाच्या औषधाच्या 3,000 गोळ्या गेल्या. महिन्याला 500. त्या हिशेबाने तू तिमाहीच्या 1,500 मंजूर करशील आणि तुझं कुणी काही चुकलं म्हणणार नाही. पण रजिस्टर उघडलंस आणि दिसलं की सहापैकी दोन महिने शिल्लकच शून्य होती, तर भागायचं चारने. महिन्याला 750. त्या दोन महिन्यांत रक्तदाबाचे पेशंट काही बरे झाले नव्हते. त्यांच्या हातात बाहेरून आणायची चिठ्ठी दिली होती, आणि सगळ्यांनी काही ती मेडिकलमध्ये नेली नसणार. तू 500 च धरलेस तर पुढच्या वेळी साठा आणखी लवकर संपेल, सरासरी आणखी खाली येईल आणि दोन वर्षांनी अहवालात वाटेल की या भागात रक्तदाब आटोक्यात आला. तेव्हा इंडेंटवर, म्हणजे केंद्राच्या मागणीपत्रावर, ‘शून्य साठ्याचे दिवस’ हा रकाना हवाच. छापील नमुन्यात नसेल तर पेनाने आखून घे.

आणखी एक. तुझ्या भांडारातून निघालेला माल बऱ्याचदा खर्च म्हणून धरला जातो. प्रत्यक्षात तो पीएचसीच्या कपाटात असतो, नाहीतर उपकेंद्रात खोक्यासकट पडलेला असतो. पेशंटला किती मिळालं हे ओपीडीच्या रजिस्टरशी ताडून बघितल्याशिवाय कळत नाही. दर महिन्याला दोन केंद्रांचं तरी ताडून बघ, आणि सांगून जाऊ नकोस.

औषध निर्माण अधिकारी मागणी फुगवतात, ही तक्रार पहिल्याच आढावा बैठकीत ऐकशील. फुगवतातच. दहा मागितले की पाच हातात पडतात हे ज्याला ठाऊक आहे, तो वीस लिहिणार. खिडकीवर लोकांच्या शिव्या तो खातो, आपण नाही. नोटिसा काढून हे थांबल्याचं मी पाहिलेलं नाही. तामिळनाडू वैद्यकीय सेवा महामंडळ 1994 साली स्थापन झालं. त्यांनी प्रत्येक संस्थेला पासबुक दिलं. वर्षाला अमुक रकमेची औषधं तुमच्या हक्काची, उचलाल तशी वजा. एका औषधाचा ढीग लावला तर दुसऱ्याला पैसे उरत नाहीत, त्यामुळे मागणाराच हात आखडता घेतो. शिवाय तिथे आलेला माल आधी बाजूला ठेवतात, नमुना उत्पादकाचं नाव झाकून प्रयोगशाळेत जातो आणि पास झाल्यावरच वाटप सुरू होतं. आपल्याकडे महाराष्ट्रात खरेदीसाठी 2023 च्या कायद्याने स्वतंत्र प्राधिकरण आलं. खरेदी कुणी करायची यावर आपण वर्षानुवर्षं भांडलो. मागणी कशी ठरते याकडे त्या मानाने कुणी पाहिलं नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

सगळ्या औषधांना सरासरी लावायची नाही, हेही ध्यानात ठेव. क्षयाच्या औषधांना माणसं मोजायची. निक्षय या क्षयरुग्णांच्या नोंदीच्या पोर्टलवर तुझ्या जिल्ह्यात किती जण उपचारावर आहेत, कोण कुठल्या वजनगटात, कोणाचे किती महिने उरलेत, हे सगळं आहे. खपाचा आकडा तिथे हवाच कशाला? 2024 च्या मार्चमध्ये या औषधांची टंचाई झाली, तेव्हा केंद्राने राज्यांना तीन महिन्यांसाठी स्थानिक खरेदी करायला सांगितलं. अशा वेळी ज्याच्याकडे माणसांचा हिशेब तयार असतो तो लगेच ऑर्डर लिहितो. बाकीचे माहिती मागवत बसतात.

सर्पदंशाच्या लसीला तर खपाचा हिशेब धोक्याचाच. गेल्या वर्षी एकही वायल (औषधाची छोटी बाटली) लागली नाही म्हणून यंदा पाठवली नाही, असं करू नकोस. सुरुवातीचा डोसच साधारण दहा वायलचा असतो. पाच वायल ठेवणाऱ्या केंद्राकडे रजिस्टरला साठा आहे, पेशंटसाठी नाही. भुकटीच्या वायल मिळाल्या तर दूरच्या केंद्रांना त्याच दे, म्हणजे त्यांचं फ्रीजवाचून अडत नाही.

आता शीतसाखळी, म्हणजे लसी शेवटपर्यंत थंड ठेवणं. आपल्या उन्हाळ्यामुळे सगळ्यांच्या डोक्यात उष्णताच असते, आणि तिच्यासाठी वायलवर व्हीव्हीएम ही रंग बदलणारी खूण आहे: आतला चौकोन भोवतीच्या वर्तुळाइतका गडद झाला की वायल बाद. पण पेंटाव्हॅलंट, हिपॅटायटिस बी आणि टीडी (धनुर्वात-घटसर्पाची) या लसी गोठल्या की निकामी होतात, आणि गोठण्याची खूण व्हीव्हीएमवर उमटत नाही. चौकोन पांढराच राहतो. ईविनचा लॉगर, म्हणजे तापमान नोंदणारं यंत्र, आयएलआरमधलं (लसींच्या फ्रीजमधलं) तापमान सांगेल. लस गावात नेतात त्या डब्यात, कॅरियरमध्ये, काय चाललंय ते त्याला कळत नाही, आणि नासाडी बहुधा तिथेच होते. लसीकरणाच्या दिवशी सकाळी घाई असते. डीप फ्रीजरमधून दगडासारखे आईसपॅक काढून सरळ कॅरियरमध्ये कोंबले जातात. ते आधी बाहेर ठेवायचे, वरचं दव पुसायचं, कानाशी नेऊन हलवायचे. आत पाणी खळखळलं की मगच भरायचे. भेटीला जाशील तेव्हा सकाळी सातला जा आणि हे नुसतं बघ. दुपारी गेलीस तर तापमानाचा चार्ट भरलेला दिसेल, चहा मिळेल.

लस गोठल्याची शंका आलीच तर शेक टेस्ट कर. त्याच कंपनीची, त्याच बॅचची एक वायल मुद्दाम गोठवून वितळवायची, संशयित वायलसोबत एकाच हातात धरून हलवायची आणि शेजारी ठेवायची. संशयित वायलमधला गाळही तितक्याच झपाट्याने तळाशी बसला, तर तो लॉट वाटायचा नाही. एक वायल मुद्दाम खराब करावी लागते म्हणून लोक ही चाचणी टाळतात. तू सही करून परवानगी दे.

गडचिरोलीसारखा जिल्हा मिळाला तर तिमाहीचं वेळापत्रक विसर. भामरागडला पर्लकोटा नदीच्या पुलावरून पाणी गेलं की रस्ता बंद. तिथे पावसाळ्याचा सगळा साठा मे महिन्यातच पोचलेला हवा, आणि जूनचं इंडेंट मार्चमध्येच मागवायला हवं, कारण निविदा, पुरवठा, तपासणी यांतच एप्रिल निघून जातो.

वरून शॉर्ट एक्सपायरी, म्हणजे मुदत संपत आलेला, माल येईल. ‘पाठवलंय तर घ्या’ असा फोनही येईल. तीन महिने मुदत आणि वर्षभराचा साठा, अशा गोष्टीची पोच देण्याआधी लेखी हरकत घे. तारीख आणि बॅच नंबरासकट, दोन ओळींत. नाहीतर मुदत उलटल्यावर लेखापरीक्षणात तो माल तुझ्या नावावर निघतो. पाठवणाऱ्याची तोवर बदली झालेली असते.

रुजू झालीस की गेल्या वर्षाच्या इंडेंटमधली ॲम्लोडिपिन, ओआरएस आणि सर्पदंशाची लस, एवढ्या तीन ओळी सगळ्या पीएचसींच्या उतरवून घे. शून्य साठ्याचे दिवस शेजारी लिही. सगळ्यांचे मिळणार नाहीत. जिथले मिळतील तिथले मला पाठव, म्हणजे पुढच्या पत्रात आपण खऱ्या आकड्यांवर बोलू.

तुझा,
काका