आधी फायली, मग डिस्क

प्रश्न : माझी २ टीबीची एक्स्टर्नल हार्ड डिस्क परवापर्यंत नीट चालत होती. फोटो कॉपी होत असताना धक्का लागून केबल निघाली. आता डिस्क जोडली की वापरण्याआधी ती फॉरमॅट करावी लागेल, असं विंडोज सांगतं. ड्राइव्हचं अक्षर दिसतं, पण उघडत नाही. आत घरातले सगळे जुने फोटो आहेत आणि माझ्या वडिलांच्या आवाजातली ध्वनिमुद्रणं आहेत. ते आता हयात नाहीत. भाचा म्हणतो, विंडोजमधला चेकडिस्क हा डिस्क तपासणारा प्रोग्राम चालव, दुरुस्त होईल. मला धीर होत नाही, म्हणून अजून कशालाच हात लावलेला नाही. डिस्क दुरुस्त कशी करावी?
— एक निवृत्त शिक्षिका

उत्तर : ताई, हात लावला नाहीत हे फार चांगलं केलंत. फॉरमॅटची खिडकी आली तर 'रद्द करा' दाबा, डिस्क काढून बाजूला ठेवा आणि हे उत्तर पूर्ण वाचून झाल्यावरच ती पुन्हा जोडा. भाच्यालाही हे वाचायला द्या, कारण पुढचं बरंचसं काम त्याच्या हातून होईल.

डिस्क दुरुस्त करणं आणि तिच्यातल्या फायली वाचवणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि बहुतेक वेळा ती एकमेकांच्या आड येतात. दुरुस्ती म्हणजे डिस्कवर काहीतरी नवं लिहिणं. वाचवणं म्हणजे तिच्यावर एक अक्षरही न लिहिता आतलं सगळं वाचून घेणं. म्हणून क्रम महत्त्वाचा. माझ्या टेबलावर येणाऱ्या डिस्कांपैकी ज्यांतून फारसं काही हाती लागत नाही, त्यांतल्या कितीतरी पहिल्या दिवशी वाचण्यासारख्या असतात. घरच्यांनी धडपड करून एकामागून एक उपाय केलेले असतात आणि प्रत्येक उपायाने काहीतरी पुसलेलं असतं. मला त्या माणसांचा राग येत नाही, वाईट वाटतं. त्यांना कुणी वेळेवर थांबवलेलं नसतं.

तुमच्या डिस्कमध्ये काय झालं असावं ते सांगते. फोटो आणि आवाज डिस्कवर एका ठिकाणी असतात, आणि कोणती फाइल कुठून कुठपर्यंत आहे याच्या नोंदी वेगळ्या ठिकाणी. कॉपी चालू असताना या नोंदी सतत बदलत असतात. नेमक्या त्या क्षणी केबल निघाली की नोंद अर्धवट राहते. पुढच्या वेळी विंडोज ती वाचायला जातं, तिला अर्थ लागत नाही, आणि डिस्क कोरी आहे असं समजून ते फॉरमॅट सुचवतं. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंट या खिडकीत, जिथे जोडलेल्या सगळ्या डिस्का दिसतात, पाहिलंत तर बहुधा 'रॉ' असं लिहिलेलं दिसेल, म्हणजे नोंदी ओळखता आल्या नाहीत. फायली मात्र जागच्या जागी असतात. डिस्कची नोंदी ठेवायची पद्धत एनटीएफएस असेल तर या नोंदींच्या बदलांचं एक टिपण ती स्वतःच ठेवते, त्यामुळे अशा धक्क्यातून ती बऱ्याचदा सावरते. एक्सफॅट या दुसऱ्या पद्धतीत तशी सोय नाही, आणि अनेक एक्स्टर्नल डिस्का एक्सफॅटमध्येच असतात, कारण त्या विंडोज आणि मॅक दोन्हींवर चालतात.

आता चेकडिस्क. भाच्याचा हेतू चांगला आहे, पण चेकडिस्कचं काम नोंदींचा एकमेकांशी मेळ बसवणं एवढंच आहे. तुमच्या फायली वाचल्या की नाही याच्याशी त्याला देणंघेणं नाही. ज्या नोंदीचा मेळ बसत नाही ती ते काढून टाकतं, आणि सुटे राहिलेले तुकडे 'फाउंड' नावाच्या फोल्डरमध्ये क्रमांक देऊन टाकतं. एका छायाचित्रकाराची अशी डिस्क माझ्याकडे आली होती. फोल्डरांची सगळी रचना गेलेली, त्या जागी नुसत्या क्रमांकांच्या असंख्य फायली. छायाचित्रं बरीचशी मिळाली, पण कोणतं कुणाचं हे त्यांना एकेक उघडून ठरवावं लागलं. बिघडलेल्या सेक्टरांचा, म्हणजे डिस्कवरच्या साठवणीच्या लहान कप्प्यांचा, शोध घेणारा त्याचा पर्याय तर त्याहून धोक्याचा आहे. तो सगळी डिस्क कानाकोपऱ्यासकट वाचायला लावतो, आणि डिस्क आतून थकलेली असेल तर त्या श्रमातच ती बंद पडू शकते. 'रॉ' दिसणाऱ्या डिस्कवर चेकडिस्क बहुधा चालतच नाही, सरळ नकार देतं. मग माणूस वैतागतो आणि फॉरमॅटचं बटण दाबतो. मला भीती त्या पायरीची वाटते.

तर सुरुवात अशी करा. दुसरी, आखूड आणि चांगली केबल घ्या. हबमधून नको, थेट संगणकाच्या पोर्टमध्ये लावा. लहान डिस्कांना वीज त्या पोर्टमधूनच मिळते: यूएसबी २ च्या पोर्टमध्ये ५०० मिलिअँपिअर, यूएसबी ३ मध्ये ९००. वीज कमी पडली तरी डिस्क खराब झाल्यासारखी वागते. जोडताना कान द्या. सुरुवातीचा एकसारखा फिरण्याचा आवाज ठीक. ठराविक अंतराने टक-टक असा आवाज आला, किंवा डिस्क फिरायला लागून पुन्हा पुन्हा थांबली, तर तत्क्षणी काढा आणि खालचा दुसरा प्रश्न वाचा.

आवाज ठीक असेल तर डिस्क मॅनेजमेंटमध्ये तिचा आकार पाहा. २ टीबीची डिस्क तिथे साधारण १.८१ टीबी दिसते. तेवढा दिसला तर आशा मोठी आहे. 'इनिशियलाइज करा' असं विचारलं तर नाही म्हणा. मग क्रिस्टलडिस्कइन्फो हा मोफत प्रोग्राम उघडा. तो डिस्कने स्वतःच्या प्रकृतीबद्दल ठेवलेले आकडे दाखवतो. वरचा रंग पाहून समाधान मानू नका, तीन ओळी पाहा: ०५, सी५ आणि सी६. ०५ म्हणजे खराब ठरवून बदललेले सेक्टर, सी५ म्हणजे वाचता न आल्यामुळे निकालात न निघालेले सेक्टर, सी६ म्हणजे तपासणीतही न सुधारलेले. तिन्हीसमोर शून्य असेल तर तुमची डिस्क बहुधा धडधाकट आहे, फक्त नोंदी बिघडल्या आहेत. सी७ मधला आकडा वाढत असेल तर संशय केबलवर घ्या.

यानंतरची पायरी लोक सर्वांत जास्त टाळतात, आणि मी ती कुणालाही टाळू देत नाही. पूर्ण डिस्कची प्रत काढायची. फायलींची नव्हे, कारण त्या दिसतच नाहीत. पहिल्या सेक्टरपासून शेवटच्यापर्यंत सगळ्याची, जशीच्या तशी. तिला इमेज म्हणतात. त्यासाठी २ टीबीहून मोठी, रिकामी दुसरी डिस्क लागेल, आणि ती एफएटी३२ या जुन्या पद्धतीची असून चालणार नाही, कारण त्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही. सिस्टमरेस्क्यू ही विंडोजऐवजी चालणारी मोफत लिनक्स प्रणाली पेनड्राइव्हवर घालून संगणक त्यावरून सुरू करा. ती डिस्का आपणहून उघडत नाही, म्हणून मला आवडते. तिच्यातच डीडीरेस्क्यू हा इमेज काढणारा प्रोग्राम आहे. त्याचा गुण असा की ते आधी सहज वाचता येणारा सगळा भाग उचलतं, अडलेल्या जागा मागे ठेवतं आणि त्यांच्याकडे शेवटी वळतं. कुठपर्यंत काम झालं याचा नकाशा ते एका फायलीत लिहून ठेवतं, त्यामुळे मध्ये थांबलं तरी पुढे तिथूनच सुरू करता येतं. हा नकाशा लिहायला सांगायचं विसरू नका.

इथे एकच धोका आहे, पण तो फार मोठा. कुठून आणि कुठे ही दोन नावं उलटी दिली गेली तर रिकामी डिस्क तुमच्या डिस्कवर उतरते. मी आजारी डिस्कवर लाल टेप लावते आणि तिचा अनुक्रमांक कागदावर लिहून पडद्यावरच्या क्रमांकाशी ताडून पाहते. केवळ आकारावरून ओळखू नये, दोन डिस्का सारख्या आकाराच्या असू शकतात. भाच्याने आज्ञा लिहिली की एंटर दाबण्याआधी तुम्ही ती मोठ्याने वाचा.

वेळ लागेल. निरोगी डिस्क सेकंदाला १०० एमबी या वेगाने वाचली गेली तरी २ टीबीला साडेपाच तास होतात. थकलेल्या डिस्कला कितीतरी दिवस लागू शकतात. खालून हवा खेळू द्या, टेबल हलू देऊ नका.

इमेज पूर्ण झाली की मूळ डिस्क काढून कपाटात ठेवा. आता जे करायचं ते इमेजवर. बिनसलं तर इमेजची दुसरी प्रत घेता येते, मूळ तशीच आहे. टेस्टडिस्क हा क्रिस्तोफ ग्रेनिए यांचा मोफत प्रोग्राम इमेज सरळ उघडतो. नोंदी कुठे आहेत हे सांगणाऱ्या सुरुवातीच्या सेक्टरची राखीव प्रत एनटीएफएसमध्ये डिस्कच्या त्या विभागाच्या (पार्टिशनच्या) अगदी शेवटी असते, एक्सफॅटमध्ये ती १२ व्या सेक्टरपासून पुढे असते. पुष्कळदा ती शाबूत निघते, आणि टेस्टडिस्कच्या यादीत तुमची फोल्डरं नावांसकट समोर येतात. तसं झालं तर तिथूनच फायली तिसऱ्या ठिकाणी कॉपी करा. सर्वांत आधी ध्वनिमुद्रणं घ्या.

यादी आलीच नाही तर त्याच लेखकाचा फोटोरेक. नाव फोटोंचं असलं तरी तो आवाज, चित्रफिती, कागदपत्रं असं पुष्कळ काही शोधतो. तो नोंदींकडे पाहतच नाही. प्रत्येक प्रकारच्या फायलीची सुरुवात ठराविक खुणेने होते, ती खूण शोधत तो सगळी इमेज चाळतो. म्हणून फायलींची नावं आणि फोल्डरं मात्र मिळत नाहीत. फोटोंचं त्यामुळे फार अडत नाही, कारण कॅमेऱ्याने काढल्याची तारीख फोटोच्या आत लिहिलेली असते आणि तिच्यावरून ते लावता येतात. ध्वनिमुद्रणांना बहुधा तशी तारीख नसते, ती ऐकूनच ओळखावी लागतील. लांबलचक चित्रफिती डिस्कवर तुकड्या-तुकड्यांत पसरलेल्या असतात, त्या या मार्गाने अर्धवट निघण्याची शक्यता जास्त. वडिलांची ध्वनिमुद्रणं लहान असतील तर ती सलग असण्याची शक्यता चांगली आहे.

मिळालेली प्रत्येक ध्वनिफीत शेवटपर्यंत ऐका. फायलीचा आकार बरोबर दिसतो आणि आत नुसती शून्यं असतात, असंही होतं. सगळं ऐकून झाल्यावर त्यांच्या दोन प्रती दोन वेगळ्या डिस्कांवर ठेवा, त्यातली एक दुसऱ्या कुणाच्या तरी घरी. हे होईपर्यंत मूळ डिस्कला हात लावू नका.

त्यानंतर दुरुस्ती. जलद नव्हे, पूर्ण फॉरमॅट करा. विंडोज व्हिस्टापासून पूर्ण फॉरमॅट सगळ्या डिस्कवर शून्यं लिहितो, आणि त्या ओघात प्रत्येक सेक्टरची परीक्षा होते. मग पुन्हा ते तीन आकडे पाहा. शून्यच राहिले तर डिस्क वापरा. ०५ किंवा सी५ वाढलेला दिसला तर माझं मत विचाराल तर ती डिस्क निवृत्त करा.

प्रश्न : माझी डिस्क टक-टक आवाज करते आणि संगणकाला दिसत नाही. काही तास फ्रीझरमध्ये ठेवली तर चालते, असं मित्र सांगतो. दुसरा म्हणतो, त्याच मॉडेलच्या डिस्कची सर्किटपट्टी काढून लाव. काय करू?
— एक अभियांत्रिकीचा विद्यार्थी

उत्तर : दोन्ही करू नकोस. डिस्कच्या आत वाचणारा हेड फिरत्या तबकडीवर काही नॅनोमीटर उंचीवर तरंगत असतो. आपल्या केसाची जाडी त्याच्या हजारो पट असते. फ्रीझरमधून बाहेर काढल्यावर आत दव धरलं तर त्या थेंबापुढे हेडचा टिकाव लागत नाही. सर्किटपट्टीवरच्या एका चिपमध्ये फक्त त्याच डिस्कची जुळणी लिहिलेली असते, म्हणून दुसरी पट्टी नुसती लावून बहुतेक आधुनिक डिस्का चालत नाहीत. शिवाय टक-टक हा बहुधा हेडचा त्रास असतो, पट्टीचा नव्हे. खराब हेड प्रत्येक चालू-बंदला तबकडी खरवडू शकतो, आणि खरवडलेल्या भागातला डेटा जगातली कोणतीही प्रयोगशाळा परत आणू शकत नाही.

वीज तोड आणि स्वच्छ हवेची खोली असलेल्या डेटा रिकव्हरी प्रयोगशाळेत दे. देण्याआधी विचार: आधी इमेज काढता का, मिळालेल्या फायलींची यादी पैसे घेण्याआधी दाखवता का, काम झालं नाही तर डिस्क आहे तशी परत देता का. यावर जो सरळ उत्तर देत नाही त्याच्याकडे ठेवू नकोस. आणि त्यांना आधीचे सगळे प्रयोग खरे सांग, त्यावर त्यांची पुढची पावलं ठरतात.

प्रश्न : यूएसबीचं तोंड सैल झालं आहे. कवच उघडून आतली डिस्क थेट संगणकाला जोडली तर?
— एक दुकानदार

उत्तर : आधी मॉडेल तपासा. काही डिस्कांत आत साटाचं, म्हणजे संगणकाला थेट जोडायचं, तोंडच नसतं, यूएसबी थेट पट्टीवर डाखलेलं असतं. काहींत कवचातली चिप तुमच्या नकळत सगळा डेटा कूटबद्ध करते, तुम्ही पासवर्ड लावलेला नसला तरी. अशी डिस्क थेट जोडली तर आत निरर्थक आकडे दिसतात आणि माणूस ती बिघडली असं समजतो. मूळ पट्टी फेकू नका, तिच्याशिवाय ते उलगडणं फार अवघड होऊन बसतं. तोंड सैल असेल तर इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्त करणाऱ्या कुशल माणसाकडून तेवढंच नवं डाखून घ्या, आणि डिस्क एकदा संगणकावर उघडली की सगळ्यात आधी फायली उतरवून घ्या.