झाडं नंतर लावा, आधी मे महिन्यात एकदा जाऊन या

मुलुंडची ११२ फ्लॅटची सोसायटी, शहापूर तालुक्यातला एक पाडा 'दत्तक' घ्यायचा विचार, जूनमध्ये ५०० झाडं, वह्या-दप्तरांचं वाटप, आणि पाड्यावरच्या मंडळींचा थंड प्रतिसाद. 'त्यांना निसर्गाचं महत्त्व पटवायचं कसं?' असं तुम्ही विचारलंय. मी गेली चौदा वर्षं खर्डीच्या पुढच्या एका पाड्यावर जातोय आणि त्यातली पहिली दोन साफ फुकट घालवली. तुमची जाऊ नयेत म्हणून जरा पसरट लिहितो.

'दत्तक' हा शब्द आधी खोडा. मुंबईच्या सात तलावांपैकी विहार आणि तुळशी तेवढे शहरात. बाकी पाणी ठाणे, पालघर, नाशिकच्या डोंगरांतून येतं. तानसा १८९२ पासून, मोडकसागर १९५७ पासून, मध्य वैतरणा २०१४ पासून, आणि निम्म्याच्या आसपास एकट्या भातशाचं. तानसा आणि भातसा दोन्ही शहापुरात. त्याच शहापुरात दर उन्हाळ्यात पाड्यापाड्यांवर टँकर फिरतात. तुमच्या सोसायटीपुरतं गणित करा: घरटी चार माणसं, शहरासाठी माणशी १३५ लिटरचा निकष, म्हणजे दिवसाला ६०,४८० लिटर. खेड्यासाठी जलजीवन मिशनचा निकष माणशी ५५ लिटर. फरक कागदावरच एवढा, आणि मे महिन्यात तेवढंही येत नाही. आता सांगा, कोणी कोणाला दत्तक घेतलंय?

आमची चूक सांगतो. पहिल्या जुलैत आम्ही ३०० रोपं लावली. गुलमोहर वगैरे, नर्सरीत जे स्वस्त पडलं ते. ज्या माळावर लावली तो आम्हाला मोकळा दिसला. तो गवताचा माळ होता. पावसाळा सरला की तिथलं गवत कापून पेंढ्या विकायच्या, राहील त्यावर गुरं सोडायची, अशी त्या घरांची सोय. आम्ही खड्डे खणून ती मोडली. तोंडावर कोणी बोललं नाही, पाहुण्याला बोलत नाहीत. मार्चात वणवा आला आणि रोपं गेली. दुसऱ्या वर्षी पुन्हा टेम्पो भरून नेला तेव्हा एक आजी ओट्यावरूनच म्हणाल्या, "झाडं लावा की. पन त्यांना पानी कोन घालनार? आमीच ना?"

त्याच सुमारास आमच्यातल्या एकानं राब भाजण्यावर व्याख्यान झोडलं होतं. भाताचं रोप टाकायच्या जागेवर ऐनाच्या डहाळ्या, शेण, पालापाचोळा पसरून उन्हाळ्यात भाजतात. तण मरतं, वर राख मिळते. त्याला पर्याय आहेत, पण ते सुचवायला किमान दहा वेळा त्या घरी जेवलेलं असावं लागतं.

आजींच्या बोलण्यानंतर आम्ही तिघंच मे महिन्यात गेलो, हात हलवत. रात्री राहिलो. पहाटे साडेतीनला बायका झऱ्यावर निघाल्या, त्यांच्यामागून गेलो. झरा म्हणजे कड्याच्या पायथ्याशी परातीएवढी खळगी. एक बाई उकिडवी बसून वाटीनं पाणी हंड्यात भरत होती. पाच-सहा वाट्या झाल्या की थांबायचं, तळाशी पुन्हा पाझर साठू द्यायचा. मी घड्याळ लावलं: एक हंडा, अडतीस मिनिटं. रांगेत अकरा हंडे. येताना आम्ही शहराकडे जाणाऱ्या मोठ्या जलवाहिनीच्या कडेनं आलो होतो. माणूस उभा मावेल असा तिचा घेर, आणि ज्या व्हॉल्व्हमधून ती गळते तिथंही हंड्यांची रांग.

कामाची दिशा मग झऱ्यानंच दाखवली. हा सगळा बेसाल्टचा मुलूख, थरावर थर. पाऊस धो-धो पडतो आणि वाहून जातो. जे मुरतं ते मुरुमातून, भेगांतून उतरतं, खाली अभंग काळा पाषाण लागला की आडवं सरकतं आणि कड्याला जिथं वाट मिळेल तिथं झरा होऊन निघतं. म्हणजे झरा खाली असला तरी त्याचं पोट वरच्या पठारावर. आमचे ३०० खड्डे त्या पठारापासून कोसभर दूर होते! नंतर गावातल्याच जाणत्यांना घेऊन पठारावर समतल चर (उताराला आडवे, एका पातळीत खणलेले, पाणी मुरवणारे) मारले, तेही गवताच्या पट्ट्या सोडून, आणि झऱ्याच्या तोंडाशी दगडी पेटी बांधून पाणी नळीनं पाड्याजवळच्या टाकीत उतारानं आणलं. झरा काही धो-धो वाहायला लागला नाही. पण रात्री वाहून जाणारं पाणी आता टाकीत साठतं, आणि मेमधली पहाटेची रांग गेली.

तुम्हाला झेपेल असं पहिलं काम मात्र वनराई बंधारा, म्हणजे ओढ्यात मातीच्या गोण्या रचून घातलेला तात्पुरता बांध. तो जूनमध्ये नाही, भातकापणीच्या आसपास, ओढ्याची धार बारीक झाली की. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या लागतात, आणि त्या मुंबईइतक्या कुठं मिळणार? तुमच्या गल्लीत कुठं ना कुठं रिडेव्हलपमेंट चालूच असेल. गोणी गच्च भरू नका, दोन तृतीयांश भरा म्हणजे नीट बसते. सुतळीनं शिवा, विटांसारखे सांधे मोडत रचा, मधे चिकणमाती चोपा. एका रविवारी होतो. पाणी जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत टिकतं, गुरांना मिळतं, कडेच्या वालाला आणि हरभऱ्याला ओल राहते. पुढच्या पावसाआधी फाटक्या गोण्या गोळा करून परत न्यायच्या, नाहीतर त्याच चिंध्या ओढ्यातून तुमच्या तलावात. हे परत नेणं आमच्या लोकांना बांधण्यापेक्षा जड जातं, कारण त्याचे फोटो चांगले येत नाहीत.

कागदपत्रांचं थोडक्यात: शहापूर हा पेसाखालचा (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणारा कायदा) तालुका आहे, तेव्हा ठराव ग्रामसभेचा घ्या, एकट्या सरपंचाच्या होकारावर जाऊ नका. जमीन वनखात्याची असली तर परवानगी लागेल. पाड्याला २००६ च्या वनहक्क कायद्याखाली जंगलावर सामूहिक हक्क मिळालाय का, हे विचारून घ्या. मिळाला असेल तर बोलणं त्यांच्या समितीशी.

पैशाबद्दल. देणगी नको, सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत ठराव करून दर महिन्याला फ्लॅटमागे २० रुपये वेगळे काढा. वर्षाला २६,८८० होतात. तुम्हाला किरकोळ वाटतील. हिमाचलातलं पालमपूर शहर ज्या बोहल झऱ्याचं पाणी पितं, त्याच्या वरचं जंगल राखणाऱ्या गावकऱ्यांना वर्षाला १०,००० रुपये द्यायचा करार तिथल्या नगरपरिषदेनं २०१० मध्ये केला. रक्कम लहान, पण ती करारानं ठरलेली, कोणाच्या मर्जीवर मिळणारी नाही. चर दुरुस्त कोणी करायचे, मजुरी किती, हे ग्रामसभा ठरवेल. पैसे तिच्या खात्यावर. तुम्ही हिशोब मागा, तसा तेही तुमच्या सोसायटीच्या पाण्याचा हिशोब मागतील याची तयारी ठेवा. आमच्याकडे मागितला होता. गच्चीवरची टाकी रोज पहाटे तासभर ओसंडत होती, हे त्या निमित्तानं आम्हाला कळलं.

आता खरी अडलेली जागा सांगतो. तिसऱ्या वर्षी जूनमध्ये पाड्यावरच्या सहा बायकांना आमच्या सोसायटीत रानभाज्या विकायला बोलावलं. शेवळं, करवंदं, घरचा वाल. अकरापर्यंत टोपल्या रिकाम्या. सगळे खूश. दुपारी त्यातल्या एकीनं वॉचमनला संडास कुठं म्हणून विचारलं. त्यानं कमिटीला फोन लावला. कमिटीतून उत्तर आलं, बाहेरच्यांसाठी सोय नाही, स्टेशनवर जायला सांगा. हे तेच कमिटीवाले, ज्यांना पाड्यावर दरवेळी कोणा ना कोणाच्या घरी पान वाढलं जायचं. शेवटी तळमजल्यावरच्या एका काकूंनी दार उघडलं. त्या बायका पुढची दोन वर्षं आल्या नाहीत. का, ते कोणी सांगितलं नाही आणि विचारायची आमची छाती झाली नाही. आता ठरावातच लिहिलंय: विक्रीच्या दिवशी क्लबहाऊसचं स्वच्छतागृह आणि पाण्याचा कूलर खुला. हा ठराव पास करून घ्यायला बंधाऱ्यापेक्षा जास्त दिवस लागले.

तर जूनचा कार्यक्रम रद्द करा, रोपांची ऑर्डर दिली असेल तर सोसायटीच्या आवारात लावा. मे महिन्यात दोघं-तिघं जा, त्यात एक तरी बाई असू द्या, कारण पाण्याबद्दल पुरुषांना विचारलंत तर 'टँकर येतो' एवढंच ऐकायला मिळेल. ठाण्याहून कसारा लोकल धरा, बॅनर-टोप्या घरी ठेवा. आणि पिण्याचं पाणी आपापलं न्या. तिथं मागितलंत तर ते देतील, नाही म्हणणार नाहीत. म्हणूनच मागू नका.