पांढऱ्या हरणाला वेगळा न्याय का?

प्रश्न : माझा भाचा अमेरिकेत विस्कॉन्सिनला असतो. परवाना काढून शिकार करतो. तिथे तपकिरी हरीण मारलेलं चालतं, पूर्ण पांढरं मारलं तर गुन्हा. “मामा, हा कसला न्याय?” असं विचारतो. काय सांगू?
– एक वाचक, चोपडा

उत्तर : दादा, पोरगं चुकीचं बोलत नाही. गोळी लागली की दोन्ही सारखीच तडफडतात. पांढरेपणा ही रंगद्रव्याची जन्मजात उणीव. डोळे गुलाबी असतील तर अल्बिनो, काळे असतील तर बहुधा ल्युसिस्टिक. त्यात दैवी काही नाही. गंमत म्हणजे अंगावर तपकिरी डाग असलेलं कबरं हरीण तिथे मारता येतं!

पण लहानपणी यावलकडे आमच्या हरभऱ्यात चितळांबरोबर एक फिकट, जवळजवळ पांढरं पाडस यायचं. आजी माचाणावर गोफण घेऊन बसलेली. बाकीच्यांवर दगड सुटायचा, त्याच्यावर नुसतं “हाऽड!” घाटे तेही खायचंच. अन्याय होता, पण मला तो आजही आवडतो.

भाच्याला म्हणावं, पांढरं सोड, आणि भिंतीवर मुंडकं टांगायचं असेल तर तपकिरीही सोड. सुट्टीत इकडे आला तर वाद घालायची गरजच नाही. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यापुढे सगळे रंग सारखे.