पुण्याचा स्टॉल की गावची यात्रा? आधी किलोत हिशेब करा

प्रश्न : मी अमळनेर तालुक्यातली. गावातल्या चौघींना सोबत घेऊन काळा मसाला, बिबडे (ज्वारीचे खान्देशी पापड) आणि उडदाचे पापड करते. महिन्याला सव्वाशे किलो माल निघतो, ओळखीत खपतो. डिसेंबरात पुण्यात पाच दिवसांचा खाद्यमहोत्सव आहे. स्टॉलचं भाडं ४२,००० रुपये अधिक जीएसटी. ५,००० टोकन भरून बसले आहे, बाकीच्यासाठी दोन लाखांची एफडी मोडावी म्हणते. आमचे हे म्हणतात, त्यापेक्षा सारंगखेड्याच्या यात्रेत बसा. काय करू?

ताई, एफडी मोडू नका आणि या वर्षी पुण्याला जाऊ नका. सारंगखेड्यालाही मी तुम्हाला पाठवणार नाही, पण त्याचं कारण वेगळं आहे.

आधी पुणे. तुम्ही पाठवलेल्या आकड्यांवरून मसाला ६०० रुपये किलोने जातो आणि सामान, डंकावरचं कांडप, पॅकिंग, बायांची मजुरी धरून ४२० ला पडतो. बिबडे ३२० ला विकता, २०० ला पडतात. पापड ४०० आणि २५०. म्हणजे सरासरी किलोमागे १५० रुपये हातात राहतात. स्टॉलचा खर्च या दीडशेतून निघायचा आहे, गल्ल्यात पडणाऱ्या रकमेतून नाही. इथेच बहुतेकींची गफलत होते. संध्याकाळी पेटी भरलेली दिसली की वाटतं, भाडं सुटलं.

४२,००० वर १८ टक्के जीएसटी धरला की ४९,५६० झाले. तुमची उलाढाल ४० लाखांच्या खूप खाली, त्यामुळे तुमची जीएसटी नोंदणी नाही, आणि नोंदणी नाही म्हणून हा कर परतही मिळत नाही. अमळनेरहून छोटा हत्ती टेम्पो जाऊन-येऊन १४,००० धरा. दोघींचं राहणं-खाणं ९,०००. बॅनर, टेबलावरची मांडणी, चवीपुरता वाटायचा माल ३,०००. बेरीज ७५,५६०. भागिले १५० केले की पाचशे किलोच्या वर आकडा येतो. पाच दिवस, रोज दहा तास. तासाला दहा किलो, म्हणजे अर्ध्या किलोचं एक पाकीट दर तीन मिनिटांनी जायला हवं, तेही पाचही दिवस. तेवढं खपलं तर तुम्ही फक्त बरोबरीत आलात. नफा त्यानंतरचा.

आणि पाचशे किलो माल आणायचा कुठून? तुमच्या चौघींच्या हातचं ते चार महिन्यांचं काम आहे. तो माल आधी बनवून ठेवायला १ लाख ४५ हजारांच्या घरात रक्कम अडकेल. भाडं-प्रवास आणि माल मिळून दोन लाख वीस हजार. तुमची एफडी दोन लाखांची. पत्रात तुम्ही फक्त भाड्याचा विचार केला आहे, मालात अडकणाऱ्या पैशाचा उल्लेखच नाही.

टोकनच्या ५,००० चं म्हणाल तर ते गेले असं समजा. पाच हजार वाचवायला सत्तर हजार घालायचे नाहीत. आयोजकांना फोन करून एवढं जरूर विचारा, की ही रक्कम पुढच्या वेळच्या अर्ध्या स्टॉलमध्ये वळती करतील का. केळीचे वेफर्स किंवा नागलीचे पापड करणाऱ्या एखाद्या गटाबरोबर भाडं निम्मं वाटून घेतलं तर पुण्याचं गणित पुन्हा मांडता येईल.

सारंगखेड्याबद्दल. नंदुरबार जिल्ह्यातली एकमुखी दत्ताची ती यात्रा, दत्तजयंतीला सुरू होते, घोडेबाजारामुळे पार परराज्यांतून माणसं येतात. गर्दीला तोटा नाही. पण त्या गर्दीच्या खिशातले पैसे घोड्याच्या साजावर, भांड्यांवर, पाळण्यांवर आणि गरम गरम खाण्यावर जातात. जागेवर तळलेला पापड तिथे खपेल, काळ्या मसाल्याचं पाकीट घेऊन कोण हिंडेल? शिवाय तापीकाठच्या त्या धुळीत उघडा माल टिकत नाही. तुमच्या यजमानांचं म्हणणं खर्चाच्या बाजूने बरोबर आहे, गिऱ्हाइकाच्या बाजूने नाही. तिथे चहा-भजीची गाडी लावायची असती तर मी हो म्हटलं असतं.

तुमचं गिऱ्हाईक कोण, हे ठरलं की जागा शोधणं सोपं होतं. मला ते दोन प्रकारचं दिसतं. एक, वर्षाचा मसाला एकदाच भरणाऱ्या घरच्या बायका. त्या डिसेंबरात मसाला घेत नाहीत, चैत्र-वैशाखात घेतात. दुसरं, बाहेरगावी गेलेला खान्देशी माणूस. सुरतेत उधना-लिंबायतकडे, नाशकात, कल्याणला, पिंपरी-चिंचवडला आपली केवढी माणसं आहेत! त्यांना बिबडा म्हणजे काय हे समजवावं लागत नाही. 'हाई कितलाले शे?' (हे कितीला आहे?) एवढं अहिराणीत विचारून दोन पाकिटं उचलतात.

हे दोन्ही एकत्र भेटतात ते तुमच्या अंगणात, वैशाखात अमळनेरला संत सखाराम महाराजांच्या यात्रेत, बोरीच्या पात्रात. लग्नसराई, सुट्टी, सुरतेची-पुण्याची पाहुणे मंडळी घरी आलेली, परत जाताना पिशवीत काहीतरी न्यायचंच असतं. राहण्याचा खर्च नाही, गाडीचा नाही. जागा, मांडव, मदतीला एक मुलगी धरून सहा हजार लागले तरी चाळीस किलोत खर्च निघतो. पाचशे कुठे आणि चाळीस कुठे!

बाकी ठिकाणं कुठे कळतील? तुमचा बचत गट 'उमेद'मध्ये, म्हणजे राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानात असेल तर पंचायत समितीतल्या उमेदच्या कक्षात जाऊन बचत गटांच्या मालाच्या जिल्हास्तरीय 'सरस' प्रदर्शनासाठी नाव द्या. मुंबईच्या महालक्ष्मी सरसची वाटही तिथूनच जाते. निवड झाली तर जागेचं भाडं सहसा गटावर पडत नाही. गट 'माविम'चा, म्हणजे महिला आर्थिक विकास महामंडळाचा असेल तर त्यांच्या लोकसंचालित साधन केंद्रात विचारा. जिल्हा उद्योग केंद्र, कृषी विभागाच्या 'आत्मा'चे धान्य महोत्सव, जळगावचा बहिणाबाई महोत्सव, इथेही बचत गटांना जागा असते. ही नावं जाहिरातीत शोधत बसू नका. त्या-त्या कार्यालयातल्या समन्वयक ताईंचा नंबर घ्या आणि दर महिन्याला एक फोन करा. यादी निघते तेव्हा ज्यांची आठवण ताजी असते त्यांनाच आधी सांगितलं जातं, हे सरकारी रीतीला धरून आहे.

समाजाचे वधू-वर परिचय मेळावे तर फारसं कुणी मोजतच नाही. एक दिवस, एक सभागृह, शेकडो घरांतल्या आया-मावश्या तासन् तास बसलेल्या. दाराशी एक टेबल मांडू देण्याचं भाडं मंडळं किरकोळच घेतात. सुरतेचा मेळावा असेल तर अमळनेरहून थेट रेल्वे आहे, दोघींना चार पोती नेता येतात. जिल्ह्याबाहेर पाऊल टाकायचंच असेल तर पुण्याच्या आधी सुरत.

कुठेही पैसे भरण्याआधी आयोजकांकडून गेल्या वर्षीच्या दोन स्टॉलवाल्यांचे नंबर मागा. नंबर द्यायला टाळाटाळ झाली तर विषय संपला. मसाल्याचे आणखी किती स्टॉल दिले, विजेचे पैसे वेगळे का, रात्री मालाची राखण कोण करतं, पावती खात्यावरच्या पैशांची मिळेल का, तेही विचारा. जमलं तर आधीच्या वर्षी त्या ठिकाणी तासभर उभ्या राहा आणि आत जाणाऱ्यांकडे नाही, बाहेर पडणाऱ्यांच्या हातातल्या पिशव्यांकडे बघा.

मांडणीचं एक सांगतो. गेल्या हिवाळ्यात जळगावच्या एका प्रदर्शनात एक ताई फार सुरेख बिबडे तळून देत होत्या. लोक खात होते, वा म्हणत होते आणि पुढे जात होते. विकायची पाकिटं टेबलाखाली गोणीत, गोणीला गाठ मारलेली. कुणी मागितलं की ताई कढई सोडून खाली वाकायच्या, तोवर माणूस गेलेला. पाकिटं समोर हवीत, त्यावर भाव मोठ्या अक्षरात हवा, अर्ध्या किलोबरोबर २०० ग्रॅमचंही हवं, आणि प्रत्येकावर तुमचा मोबाइल नंबर हवा. पुढच्या ऑर्डरी त्या नंबरावर येतात. एफएसएसएआयची (अन्नसुरक्षेची) नोंदणी झाली नसेल तर यात्रेआधी उरकून घ्या, पाकिटावर वजन, किंमत आणि पॅकिंगची तारीख छापा. गर्दीत मोबाइलचं नेटवर्क बसतं, म्हणून सुटे पैसेही ठेवा.

आता पैशाचं. घरातली बचत न हलवता २५,००० रुपये वर्षभराच्या स्टॉलसाठी वेगळे काढा. ते संपले की त्या वर्षापुरतं थांबायचं. उन्हाळ्याच्या मसाल्यासाठी मिरची मात्र नंदुरबारच्या पथाऱ्यांवर वाळत असते तेव्हाच, फेब्रुवारीपर्यंत घ्यावी लागेल. त्याला रोख कमी पडली तर एफडी मोडण्याऐवजी तिच्यावर कर्ज घ्या. बँका ठेवीच्या दरावर साधारण एक-दोन टक्के जास्त लावतात. ४०,००० रुपये साडेआठ टक्क्यांनी चार महिने वापरले तर व्याज अकराशेच्या आसपास जाईल, आणि ठेव जागची हलणार नाही. मोडली तर दंडही बसतो आणि पैसे पुन्हा ठेवायचे राहून जातात, हे मी घरोघरी बघतो.

प्रत्येक ठिकाणचं एक पान वहीत ठेवा: सगळा खर्च, कोणता माल किती किलो गेला, आणि पुढच्या दोन महिन्यांत त्या नंबरावरून किती ऑर्डरी आल्या. पुण्याच्या पत्त्यावर महिन्याला तीस-चाळीस किलो माल जायला लागला की मला पुन्हा लिहा, तेव्हा अर्ध्या स्टॉलचं बघू.